बेंबी सुकेपर्यंत

खोटं एकदा बोललं की त्याला रोज जेवायला घालावं लागतं, हे आकाश तांबेला करंजाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. लिफ्टमध्ये समोरच्या दारच्या मीनाकाकूंनी सहज विचारलं, "तुमच्याकडे कोंबडी आहे का हो? सकाळी आवाज येतो." आकाश म्हणाला, "छे हो, कोंबडी कुठली. माझ्या फोनची रिंगटोन आहे ती." मीनाकाकू हसल्या आणि विषय संपला. म्हणजे त्यांचा संपला, आकाशचा सुरू झाला. घरात पाऊल टाकल्याबरोबर त्याने फोनमध्ये कोंबडीची रिंगटोन शोधून टाकली. तेव्हापासून द्रोणागिरीच्या ज्या गोदामात तो कारकून होता, तिथे साहेबांचा फोन आला तरी त्याच्या खिशात कोंबडी ओरडायची आणि हमाल वळून बघायचे.

कोंबडी अर्थातच खरी होती. ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या आडोशाला, पुठ्ठ्याच्या खोक्यात पेंढा घालून ती अंड्यांवर बसलेली होती. दिवसातून एकदा दाण्यापाण्याला उठायची आणि तेवढ्यात सगळ्या मजल्याला कळेल इतकं ओरडून घ्यायची. ती आकाशच्या आईची, जाईबाईंची कोंबडी.

जाईबाई लग्न होऊन महाडकडच्या गावातून दिघ्याला आल्या, त्या तिथल्या डोंगरउतारावरच्या खोलीतच म्हाताऱ्या झाल्या. येताना त्यांनी टोपलीतून एक कोंबडी आणली होती. आत्ताची ही तिचीच कुठलीतरी पणती-खापरपणती. नवरा, सिताराम, कंपनीत कामाला होता तेव्हाही दारात कोंबड्या होत्या आणि तो गेल्यावरही होत्या. आकाशने फ्लॅट घेतला तेव्हा आईसाठी वेगळी खोली राखून ठेवली. पलंग आणला, खिडकीला निळा पडदा लावला, वडिलांचा फोटो आधी तिथे टांगला. आई यावी, आपल्याजवळ राहावी, हे त्याचं मनापासूनचं मागणं होतं. त्यात काही खोट नव्हती. पण आई कोंबडीसकट येईल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"रवणीवरून कोंबडी उठवायची नाय," जाईबाईंनी सांगितलं होतं. "अंडी घालून बसवलीय मी तिला. आता जाईन तिथं ती येनार. पिल्लं निघाली की काशी सगळं घेऊन जाईल दिघ्याला. मग मी हाय तुझ्याकडं, कायमची." काशी म्हणजे आकाशची मोठी बहीण, दिघ्यातच दिलेली. आकाश तेव्हा "कशाला आई, लोक काय म्हणतील" म्हणाला होता, पण कायमची हा शब्द ऐकून गप्प बसला.

लोक काय म्हणतील, हे त्याला नीट ठाऊक होतं, किंवा त्याला तसं वाटत होतं. समोरचे मधुकरकाका, मीनाकाकूंचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी कोंबडी पाळली असती तर ती हौस झाली असती. तांब्यांनी पाळली की ती सवय होणार, आणि मग "दिघ्याहून आलेत ना" हे लिफ्टमध्ये कुणीतरी हळूच बोलणार. असं कुणी अजून बोललेलं नव्हतं. पण न बोललेलं ऐकायची आकाशला लहानपणापासून सवय होती, आणि त्या सवयीला त्याच्या बायकोकडे, सोनमकडे, काही औषध नव्हतं. "अरे सांगून टाक ना, थोडे दिवस आहे म्हणून," ती म्हणायची. तो म्हणायचा, "तुला नाही कळणार."

गृहप्रवेशाची वंदना रविवारी अकराला ठरली होती. दिघ्याहून नामदेवदादा येणार होते. ते बौद्धाचार्य, सितारामचे जुने सोबती. मजल्यावरची सगळी माणसं येणार होती, गोदामातले दोघेतिघे येणार होते. आकाशने बेत असा केला की पिल्लं शनिवारपर्यंत निघतील, रविवारी काशीताई नवऱ्याच्या रिक्षातून लवकर येईल, आधी खोकं खाली जाईल आणि मग पाहुणे वर येतील. बेत चांगला होता, फक्त तो अंड्यांना कुणी सांगितला नव्हता.

रविवारी सकाळी सोनमने त्याला हाक मारून बाल्कनीत नेलं. कोंबडीच्या पंखांखालून पिवळी, काळपट, ठिपक्यांची डोकी बाहेर येत होती आणि आत जात होती. जाईबाई उकिडव्या बसून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की आकाश क्षणभर वेळ विसरला.

"झाली ना सगळी?" त्याने विचारलं.

"एक ऱ्हायलंय. चोच मारलीय त्यानं. बघ."

एका अंड्याला बारीकसं भोक पडलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक हलताना दिसत होतं.

"याला किती वेळ लागेल?"

"त्याचा वेळ त्याला ठाऊक. संध्याकाळ होईल, नायतर उद्या."

"उद्या? आई, अकराला माणसं येणार. काशीताई निघाली पण तिकडून. आत्ताच पाठवू ना सगळं तिच्याबरोबर."

"एक अंडं पोटाखाली ऱ्हायल्यावर ती कशी उठेल? आनि उठवली तर ते अंडं थंड पडंल." जाईबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "दार लावून घे बाल्कनीचं. कोन येतंय इकडं बघायला? मी आंघोळ करून घेते."

त्या न्हाणीघरात गेल्या. सोनम बाहेरच्या खोलीत सतरंज्या घालत होती. तेवढ्यात काशीताईचा फोन आला, म्हणजे खिशातली कोंबडी ओरडली आणि खोक्यातली दचकली. "आम्ही बेलापूर सोडलं रे," काशीताई म्हणाली.

आकाश खोक्यापाशी गुडघ्यांवर बसला. कोंबडीने त्याच्या मनगटावर टोच मारली, तरी त्याने ते अंडं काढून घेतलं. ते गरम होतं आणि आतून बारीक आवाज येत होता. थोडीशी मदत करायची, एवढंच त्याने मनाशी म्हटलं. भोक नखाने जरा मोठं केलं. टरफलाचा तुकडा निघाला, त्याच्याखाली पांढरा जाड पापुद्रा. तोही ओढला. पापुद्र्यावर रक्ताचा बारीक धागा उमटला. इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. आकाशच्या डोळ्यांपुढे मीनाकाकू होत्या, त्या खीर घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या होत्या आणि विचारत होत्या, हा कसला वास. त्याने अंडं दोन्ही अंगठ्यांनी उकललं.

पिल्लू तळहातावर आलं. ओलं, डोळे मिटलेलं, मान टाकलेलं. आणि त्याच्या बेंबीपासून बाहेर लोंबत होती सुपारीपेक्षा मोठी पिवळी पिशवी, तिच्यावर लाल शिरांचं जाळं. अंड्यातला उरलेला बलक पिल्लू बाहेर येण्याआधी पोटात ओढून घेतं आणि पहिले दिवस त्यावरच काढतं, हे आकाशला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला वाटलं, आपण त्याची आतडी बाहेर ओढली. न्हाणीघरातला नळ बंद झाल्याचा आवाज आला, तसं त्याने पिल्लू घाईने कोंबडीच्या पंखाखाली सारलं, टरफलाचा चुरा मशीनखाली लोटला, बेसिनशी साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले आणि बाहेर जाऊन सोनमला सांगू लागला की पडदा वाकडा लागलाय.

जाईबाई पांढरी साडी नेसून बाल्कनीत गेल्या. थोड्या वेळाने त्यांची हाक आली, "सोनम, जरा इकडं ये." आवाज चढलेला नव्हता, तरी सोनम हातातलं टाकून धावली. आकाशही गेला. न जाणं जास्त नजरेत भरलं असतं.

जाईबाईंनी ओंजळीत पिल्लू धरलं होतं. "बाकीची टोचा मारत होती ह्याला. लाल दिसलं की मारतात. बलक बाहेर ऱ्हायलाय ह्याचा."

"असं कसं झालं?" आकाशने विचारलं. हे त्याचं आणखी एक खोटं, आणि ते अगदी सफाईने निघालं.

जाईबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली, मशीनच्या पायाशी पाहिलं. मग त्या सोनमकडे वळून म्हणाल्या, "माझंच चुकलं. रवणीवरच्या कोंबडीला टेम्पोतून खड्ड्याखड्ड्यानं आनली. अंडी हादरली. हा नको नको म्हनत होता, मीच हट्ट केला."

इथे बोलायची जागा होती. एक वाक्य पुरलं असतं. आकाशने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे आई. टेन्शन नको घेऊ." माफ करणाऱ्याचा असतो तसा आवाज लागला त्याचा. तो स्वतःच्याच कानांनी ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमच्यात असं पिल्लू बाजूला ठेवायचे," जाईबाई म्हणाल्या. "जगत नाय."

सोनमने तोवर फोन उघडला होता. "थांबा आई. जगतं कधीकधी. इथे लिहिलंय. पिशवी ओढायची नाही, कापायची नाही, कोरडी पडू द्यायची नाही. फुटली तर मग खरं नाही. ओल्या स्वच्छ फडक्यावर वाटीत ठेवायचं, म्हणजे जास्त हलणार नाही. उबेत ठेवायचं. खायला काही द्यायचं नाही, तो बलकच त्याचं खाणं. आपोआप आत गेला तर गेला."

स्टीलची वाटी आली. पाणी उकळून कोमट केलं, सोनमने आपला नवा मलमलचा रुमाल त्यात बुडवून पिळला आणि वाटीत अंथरला. पिल्लू त्यावर पिशवीसकट अलगद टेकवलं. उबेसाठी आकाश टेबललॅम्प घेऊन आला. तो लावून त्याखाली हात धरला तर काही नाही. नव्या घरात सगळे दिवे एलईडी, एकही तापत नव्हता. सोनमने शेकायची रबरी पिशवी भरून दिली. ती आधी फार गरम आणि मग बघता बघता गार. शेवटी जाईबाईंनी वाटी पदराआड घेतली आणि छातीशी धरली.

"कोंबडी जाईल तवा तिच्याबरोबर मी पन जाते," त्या म्हणाल्या.

"कुठे?" सोनमने विचारलं.

"काशीकडं. मला इथलं जमायचं नाय गं. आल्या आल्या हे असं. मी हाय म्हनून ह्याला लोकांपुढं लपवालपवी, फोनात कोंबड्या. कशाला त्याच्या जिवाला घोर?" त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि तेच आकाशला सोसेना. निळ्या पडद्याची खोली त्याला उघड्या दारातून दिसत होती. तो काहीतरी बोलणार तोच बेल वाजली.

काशीताई, तिचा नवरा आणि नामदेवदादा आले होते. आकाशने बहिणीला दारातच गाठलं, "ताई, आधी खोकं खाली ने." काशीताई आत जाऊन पिल्लं बघून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वेडा की काय तू? नव्या घरातून आज बाळंतीण बाहेर काढतोस? वंदना होऊ दे, खीर खाऊन संध्याकाळी नेते." म्हणजे ज्या घाईसाठी ते अंडं फोडलं ती घाईच खोटी ठरली. आकाशने बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि तो पाहुण्यांच्या चपला नीट लावू लागला. त्याला कुणाकडे वर बघवत नव्हतं.

अकराला खोली भरली. टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, फुलं, मेणबत्त्या. नामदेवदादा पुढे बसले. त्यांच्यासमोर आकाश, शेजारी जाईबाई पदराआड हात धरून. मीनाकाकूंनी हळूच विचारलं, "बरं नाहीये का तुम्हाला?" जाईबाई म्हणाल्या, "बरी हाय." सोनम कडेला उभी राहून आकाशच्या फोनवर सगळं चित्रित करत होती.

नामदेवदादांचा आवाज खर्जातला. ते एकेक ओळ म्हणत, थांबत आणि सगळे ती परत म्हणत. त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. जिवाची हिंसा करणार नाही, असं आकाशने सगळ्यांबरोबर म्हटलं. ते शब्द तो लहानपणापासून म्हणत आला होता, जिभेला पाठ होते. आज मात्र प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला. आपल्या नखांत अजून काही राहिलंय असं वाटून त्याने बोटं मिटून घेतली. दुसरं झालं. तिसरं झालं.

आणि नामदेवदादा श्वास घ्यायला थांबले तेव्हा खोलीच्या त्या शांततेत जाईबाईंच्या पदराआडून आवाज आला. चिर्र, चिर्र. बारीक, पण टोकदार.

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मधुकरकाका पुढे वाकून गमतीने म्हणाले, "आकाशराव, फोन वाजतोय तुमचा."

आता फोन सोनमच्या हातात होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि तो गप्प होता. सोनम नवऱ्याकडे बघत राहिली. आकाश म्हणाला, "तो नाही. दुसरा आहे. आत राहिलाय."

आत म्हणताना त्याने स्वयंपाकघराकडे बोट केलं. पिल्लू पुन्हा ओरडलं, त्याच्या कोपराशेजारून. जाईबाईंनी पदर घट्ट केला. त्या हळूच उठल्या, "मी बघते, बंद करते," म्हणाल्या, आणि लोकांच्या पायांतून वाट काढत आत गेल्या. आपल्याच मुलाच्या गृहप्रवेशातून, पहिल्या रांगेतून. बाल्कनीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

नामदेवदादांनी दार लागेपर्यंत वाट बघितली आणि चौथं शील सांगितलं. खोटं न बोलण्याचं. "मुसावादा," ते म्हणाले आणि खोली त्यांच्यामागून म्हणाली. आकाश सोडून. त्याने तोंड उघडलं होतं पण आवाज आलाच नाही. नामदेवदादांना वाटलं ठसका लागला असेल. त्यांनी ती ओळ त्याच्याकडे बघत पुन्हा म्हटली. या वेळी बाकीचे गप्प राहिले आणि सगळी खोली एकट्या आकाशसाठी थांबली.

"फोन नव्हता तो," आकाश म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"कोंबडीचं पिल्लू आहे. आईजवळ आहे ते, पदराआड. कोंबडी पण आहे, बाल्कनीत, आम्ही आलो तेव्हापासून. रिंगटोन वगैरे मी सांगितलं ते खोटं." एकदा सुटलेलं थांबेना. "पिल्लाला वेळ लागत होता. तुम्ही सगळे यायच्या आत कोंबडी घरातून जावी म्हणून मी अंडं फोडून ते ओढून काढलं. ते मरायला टेकलंय. आणि आई म्हणते तिचं चुकलं."

मधुकरकाकांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "रोज ठरलेल्या वेळेला फोन कुणाचा येतो." कुणीतरी मागे हसलं. मीनाकाकू हसल्या नाहीत, त्यांनी पदर नाकाशी नेला आणि मग परत खाली घेतला. काशीताई भावाकडे बघत होती आणि सोनमने फोन खाली केला होता. तिचा चेहरा बघून आकाशला कळलं की हे तिला आत्ताच, सगळ्यांबरोबर समजलं.

"आईला घेऊन येतो," तो म्हणाला. नामदेवदादांनी नुसती मान हलवली.

जाईबाई बाल्कनीत बादली उपडी घालून बसल्या होत्या. एका हाताने वाटी छातीशी, दुसऱ्याने कोंबडीपुढे कणी टाकत होत्या. "जा तू," त्या म्हणाल्या. "वंदना अर्धी टाकून उठू नये."

"आई, ते अंडं मी फोडलं."

"ठाऊक हाय."

आकाश दाराला धरून उभा राहिला.

"पिल्लू आतून कापतं तेव्हा डब्याचं झाकन निघावं तसं गोल निघतं," जाईबाई म्हणाल्या. "ह्याचा चुरा होता. आनि मशीनखाली सारलेला. कोंबडी कधीपास्नं केर काढायला लागली?"

"मग तू तुझ्यावर का घेतलंस?"

"बायकोसमोर तुझी मान खाली जायला नको म्हनून." त्यांनी वाटीतल्या फडक्याचा कोपरा पिल्लावर ओढला. "आनि मला वाटलं, तू बोलशील. नाय आई, तुझं नाय चुकलं, असं काय तरी. मी वाट बघत होते. तू म्हनलास, टेन्शन नको घेऊ."

आकाश खाली बसला, तिथेच, ओल्या फरशीवर, नव्या पांढऱ्या कुर्त्यानिशी. त्याला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसती लाज वाटत राहिली, गोदामात रिंगटोन वाजल्यावर वाटायची तसली नव्हे. ती दुसऱ्यांच्या नजरेची असायची. ही आईच्या नजरेची होती, आणि आई तर त्याच्याकडे बघतही नव्हती.

"चल बाहेर," तो म्हणाला.

"हे घेऊन?"

"हे घेऊन."

"ओरडेल."

"ओरडू दे. मी सांगितलं सगळ्यांना."

तेव्हा जाईबाईंनी वर पाहिलं. मग हात पुढे केला आणि आकाशने त्यांना उठवलं.

नामदेवदादांनी चौथं शील परत पहिल्यापासून घेतलं. आकाशने ते म्हटलं, पण मान वर करून म्हणता आलं नाही. पिल्लू मध्येच चिरकलं तेव्हा कुणी हललं नाही. खीर वाटताना मीनाकाकू दारातूनच "आम्ही नंतर घेतो हं" म्हणून गेल्या. मधुकरकाका मात्र वाटीत डोकावून बघून गेले आणि जाताना म्हणाले, "सोसायटीला अर्ज नको, काही नको. पण कोंबडा निघाला तर मला आधी सांगा."

संध्याकाळी खोकं लिफ्टमधून उघडं खाली गेलं. आकाशने स्वतः धरून नेलं. वर आला तेव्हा दाराशी आईची कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. काशीताईने ती उचलली.

"आई, चल. अंधार पडायच्या आत पोचू."

जाईबाई पदराआड हात धरून उभ्या होत्या. "ह्याला कसं नेऊ? रिक्षाचे धक्के बसले तर बलक फुटेल."

"मग इथे राहू दे. आकाश बघेल की."

जाईबाईंनी मुलाकडे पाहिलं. आकाशने जमिनीकडे बघितलं. मी बघेन, असं म्हणायचा हक्क आपल्याला उरला नाही, एवढं त्याला समजत होतं.

"बेंबी सुकेपर्यंत ऱ्हाते," जाईबाई शेवटी म्हणाल्या. "मग सोडेल मला आकाश." त्यांनी काशीच्या हातातून पिशवी घेतली आणि खोलीत नेऊन न उघडताच पलंगाखाली सरकवली.

सोनम त्या दिवशी त्याच्याशी कामापुरतंच बोलली. झोपायच्या आधी तिने रुमाल पुन्हा कोमट पाण्यातून काढून दिला, रबरी पिशवी भरून दिली आणि म्हणाली, "निदान मला तरी सांगायचं होतंस." आकाश हो म्हणाला.

सकाळी उजाडताना आवाजाने त्याला जाग आली. कालचा चिरका आवाज नव्हता, चांगली खणखणीत चिवचिव होती. वाटी आईच्या उशाशी होती आणि आई अजून झोपेत होती. पिल्लू वाटीत उभं होतं. पाय फाकत होते, पण उभं होतं. अंग सुकून फुललं होतं. आकाशने ते उचलून खिडकीशी नेलं, निळा पडदा सारला आणि हळूच उलटं केलं. पिशवी नव्हती. सगळा बलक आत गेला होता. बेंबीच्या जागी तिळाएवढी खपली होती, तीही सुकलेली.

त्याला इतका आनंद झाला की तो हाक मारणारच होता. मग पाय पलंगाखालच्या कापडी पिशवीला लागला. बेंबी सुकली. म्हणजे आता आईला सोडून यायचं. तो पिल्लू हातात धरून उभा राहिला. फडकं परत ओलं करून त्यावर टाकलं तर आणखी एखादा दिवस निघेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि आपण अजून असलेच आहोत हे बघून त्याला स्वतःची किळस आली.

"आई," त्याने हाक मारली. "उठ. बेंबी सुकली."

जाईबाई उठून बसल्या. उशाखालचा चष्मा काढून लावला, पिल्लू घेतलं, उजेडाकडे करून उलटं धरलं. अंगठ्याने बेंबीवरून हळूच फिरवलं. एकदा खपलीकडे पाहिलं, एकदा पलंगाखाली, एकदा मुलाकडे. पिल्लू त्यांच्या बोटात पाय झाडत होतं.

"नाय रे," त्या म्हणाल्या. "ओली हाय अजून."

"ओली?"

"मग? तुला काय कळतंय त्यातलं. अजून लय दिस हलवायचं नाय ह्याला." त्यांनी पिल्लू मांडीवर पदरात घेतलं. "थोडी कनी भिजव. नि ती पिशवी उघडून माझी मिसरी दे."

आकाशने पदरातल्या पिल्लाकडे पाहिलं. बेंबी कोरडी ठणठणीत होती.

"हो आई, ओलीच आहे," तो म्हणाला आणि पिशवी काढायला पलंगाखाली वाकला. तिथून लवकर वर यायला त्याला जमलं नाही.